गोठ्याच्या दारातली आई

“यात आई कुठली?” उमाने विचारलं, आणि हरीपंतांना एकाएकी खोली आवरायची घाई सुटली. त्यांनी खुर्ची सरकवली, मागचा पडदा झटकला, पुसलेलं भिंग पुन्हा पुसायला घेतलं. कर्जतला फोटोचं दुकान काढल्यापासून गिऱ्हाइकाच्या प्रश्नाने ते असे कधी कावरेबावरे झाले नव्हते.

फोटो उमाच्याच लग्नातला, दहा वर्षांपूर्वी खालापुरात काढलेला. तिला वडील नव्हते. कन्यादान काका-काकूंनी केलं. ती दोघं मधोमध बसली होती. आबाजीकाकांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट. आणि पार मागे, गोठ्याच्या दारात, दोन काळपट डाग. गेल्या साली प्लेगात आई गेली, घरातलं सामान जाळावं लागलं, त्यात काकांकडचा फोटोही गेला. उरली होती ती हरीपंतांच्या पेटीतली मूळ काच; तिच्यावरूनच त्यांनी आज हा फोटो नव्याने छापून दिला होता. आईचा दुसरा फोटो नव्हताच. विधवेला फोटोसाठी कोण बसवतंय?

“डावीकडली मी,” चिमा म्हणाली. उमाच्या माहेरचा गोठा सांभाळता सांभाळता म्हातारी झालेली ही बाई तिच्या सोबतीला आली होती. “उजवीकडं इंदूबाई. आबाजीकाका बोलले, सवाष्णींत नको, मागं व्हा. मंग आमी दोघी मागं झालो. आमाला काय ठावं, फोटूत काय येतंय आन् काय नाय.”

“हे साफ करता येईल ना, हरीपंत?”

“नाही हो उमाबाई. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? भिंग एका वेळी एकाच अंतरावरचं नीट बघतं. पुढचे चेहरे धरले की मागचं विरघळतं.”

या विरघळण्यावरच तर त्यांचं नाव झालं होतं. पडकी भिंत, वाळत घातलेली धोतरं, शेणाचा ढीग, सगळं त्यांच्या भिंगातून लोण्यासारखं मऊ व्हायचं, आणि यजमान खूश.

“म्हणाल तर वरून रंगाने चेहरा काढून देतो,” ते म्हणाले.

“कुणाचा?”

हरीपंत गप्प राहिले असते तर निभावलंही असतं. पण दहा वर्षं पोटात राहिलेलं बाहेर आलं. “मला तुमच्या आई दिसल्या होत्या. काळ्या फडक्याखाली भिंग जुळवताना आधी गोठ्याचं दारच लख्ख आलं. पदराचं टोक दातांत धरून तुमच्याकडे बघत होत्या. बारीक भोकाची पट्टी भिंगात घातली असती तर पुढचं-मागचं दोन्ही उमटलं असतं. मात्र सगळ्यांना बराच वेळ न हलता बसावं लागलं असतं. तुमच्या काकांना पंगतीची घाई होती.”

“काकांना होती,” उमा म्हणाली. “तुम्हाला कसली होती?”

घाई त्यांना कसलीच नव्हती. मंगलकार्याच्या फोटोत विधवेचं अलवण नेसलेली बाई ठळक कशाला, असं त्यांनी आपणहून ठरवलं होतं. आबाजींनी तेवढं सांगितलंही नव्हतं. हरीपंतांनी हे मान खाली घालून कबूल केलं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

उमाने फोटो त्यांच्या हातात दिला. “धरा जरा. छातीशी धरा.”

ती एकेक पाऊल मागे गेली. दाराशी पोचली, उंबरा ओलांडला, रस्त्यापर्यंत गेली. एक बैलगाडी तिला वळसा घालून पुढे गेली. तिने डोळे बारीक केले.

“इथून दिसते,” ती म्हणाली. “एका पायावर भार देऊन उभी आहे. तशीच राहायची ती.”

चिमा लगबगीने बाहेर जाऊन तिच्याशेजारी उभी राहिली. तिची नजर अधू झाली होती. “आन् मी गं बाय? मी दिसते का?”

“तूही दिसतेस, चिमा.”

फोटो खाली घ्या असं दोघींपैकी कुणी म्हणेना. हरीपंत तो छातीशी धरून उभे राहिले.