लिफ्टची ताजी प्रत

आमच्या लिफ्ट कंपनीत सगळं ज्ञान विकीवर, म्हणजे कोणालाही भर घालता येईल अशा कंपनीच्या वेबपानांवर असतं. ब्रेक कसा तपासायचा, दार अडकलं तर काय करायचं, साहेबांच्या खोलीतला पंखा कोणी बंद करायचा, सगळं. त्या विकीची पानं छापण्याजोगी करून देणं हे माझं काम. संगणकावरच्या काळ्या खिडकीत एका ओळीची कमांड टाइप करायची, एंटर दाबायचं, की पानाची नेटकी पीडीएफ तयार होते आणि प्रिंटरमधून कागद बाहेर येतो. हा प्रोग्राम आमच्या दाढीवाल्यानं लिहिलाय. माणूस हुशार आहे, त्याबद्दल वाद नाही. हुशारीचाच तर ताप आहे.

त्या आठवड्यात सरकारी निरीक्षकांनी आईच्या इमारतीतल्या लिफ्टला सील लावलं. लिफ्ट ठणठणीत होती. पण नियम असा की मशीनच्या खोलीत देखभालीच्या पानाची छापील प्रत लावलेली हवी आणि ती विकीवरच्या पानाशी तंतोतंत जुळायला हवी. भिंतीवरची प्रत जुनी निघाली. आई राहते सगळ्यात वर, आणि तिच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेत. मावशी तळमजल्यावर. तिला चार पायऱ्यांत धाप लागते. दोघी रोज दुपारी भेटून मनसोक्त भांडायच्या. आणि मावशी शनिवारी संध्याकाळी मुलाकडे परदेशात निघाली होती, कायमची.

आईला खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवायचा प्रयत्न आम्ही केला. पहिल्याच वळणावर खुर्ची अडकली, आईसकट. ती सोडवताना तिनं आमचा सगळ्यांचा उद्धार केला.

"तू लिफ्टवाल्यांकडे नोकरी करतेस ना?" खुर्चीतून उठल्यावर ती म्हणाली. "मग एक कागद काढता येत नाही तुला?"

कागद मी काढला होता. निरीक्षकांनी तो मोबाइलवरच्या पानाशी ताडून पाहिला आणि मान हलवली. विकीवर खाली एक ओळ जास्त होती: 'हे पान आज छापले.' दाढीवाल्याचा प्रोग्राम छापून झालं की त्याच पानावर तशी नोंद करतो. म्हणजे छापलं की पान बदलतं आणि पान बदललं की प्रत जुनी होते. मी पुन्हा छापलं. आता माझ्या कागदावर एक नोंद होती आणि विकीवर दोन.

मी दाढीवाल्याला फोन लावला. "अरे, नोंद आधी कर आणि मग छाप ना."

"छापायच्या आधीच 'छापले' म्हणून लिहू?" तो दुखावला. "आणि कागद अडकला तर? खोटी नोंद होईल ती."

"मग नोंदच काढून टाक."

"मग छापलं हे कळणार कसं?"

शिवाय प्रोग्राम बदलायला साहेबांची मंजुरी हवी आणि साहेब सोमवारी येणार. मी राहिलेली ओळ पेननं लिहून पाहिली. निरीक्षक म्हणाले, हस्ताक्षर चालत नाही.

शनिवारी दुपारी मी लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन थेट मशीनच्या खोलीत जाऊन बसले. निरीक्षकांना म्हटलं, मी छापते, तुम्ही तिथल्या तिथे बघा. कागद गरम असतानाच त्यांच्या हातात द्यायचे. प्रत्येक वेळी ते मन लावून ताडायचे आणि म्हणायचे, "एका ओळीचा फरक आहे." खाली मावशीच्या बॅगा दाराशी आल्या होत्या. शेवटी मी प्रिंटर बंद केला आणि रडायला लागले. मला त्या दाढीचा, त्या ओळीचा, सगळ्याचा संताप आला होता.

निरीक्षक वाईट माणूस नव्हते. कुठे बघावं ते न कळून ते मोबाइलवरचं पान वरून वाचायला लागले. आजवर त्यांनी फक्त शेवट पाहिला होता. वाचता वाचता थांबले.

"प्रत जुळत नसल्यास प्रवासी नेऊ नयेत," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "आवाजाची चाचणी मात्र घेता येईल. त्यासाठी, वजन ठाऊक आहे अशी कोणतीही वस्तू आत ठेवावी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्याकडे अशी एखादी वस्तू आहे का?"

आईला मी लिफ्टच्या दाराशी आणलं.

"पंचावन्न किलो," आई म्हणाली.

"वस्तूनं स्वतःचं वजन सांगायचं नसतं," निरीक्षक म्हणाले. त्यांनी वजनकाटा मागवला. काटा बहात्तरावर गेला. आईनं काट्याला नावं ठेवली, पण आत जाऊन उभी राहिली. आवाज टिपायला निरीक्षकांनी स्वतःचा मोबाइल तिच्या पायाशी ठेवला आणि सूचना दिली, "दार बंद झाल्यापासून उघडेपर्यंत आत शब्द नको. बोललात तर चाचणी रद्द करावी लागेल."

मी काटा उचलून जिन्यानं धावत खाली गेले. दार उघडलं तेव्हा मावशी समोर उभी होती.

"चाचणीची पुढची पायरी, वाढीव वजन," वरून निरीक्षकांचा आवाज आला. "आहे का काही तिथे?"

मावशीला काट्यावर उभं करून मी आकडा ओरडून सांगितला. ती आत गेली. दार बंद झालं.

उभ्या जन्मात त्या दोघी एका खोलीत गप्प बसल्या नव्हत्या. लिफ्ट वर गेली, खाली आली. निरीक्षक म्हणाले, नीट कळलं नाही, पुन्हा एकदा. मग आणखी एकदा. बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता आणि मी त्याला सांगत होते की कंपनीचं काम चालू आहे. शेवटी दार उघडलं. दोघींचे हात एकमेकींत होते, आणि इतके घट्ट की सोडवताना आईची बांगडी मावशीच्या मनगटावर ओरखडा काढून गेली.

"जाते गं," मावशी म्हणाली.

"जा," आई म्हणाली. "तिथे जेवत जा वेळेवर."

गाडी वळेपर्यंत आई फाटकाशी उभी राहिली. निरीक्षक जिन्यानं खाली आले आणि त्यांनी तोवर लिफ्ट थांबवून धरली. वजन जिथून उचललं तिथेच परत ठेवायचं असतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मग ते मोबाइल कानाशी धरून टिपलेला आवाज ऐकत राहिले, बराच वेळ. मलाही ऐकवा म्हटलं तर नको म्हणाले.

त्यांनी विकीच्या पानावर काय लिहिलं ते मी रात्री घरी वाचलं: 'चढताना आणि उतरताना आतून बारीक आवाज येतो. तो लिफ्टचा नाही.'