टोपीतल्या उवा

“टोपीत उवा झाल्यात काय रे मेल्या तुझ्या?” विंगेत येताच बकुळाबाईंनी दौलतला धरलं. “माझ्या वाक्याला लोक हसतायत आणि तू टोपी काढतोस, झटकतोस, परत घालतोस! इतकी वर्षं स्टेजवर माझा नवरा झालास, आता म्हातारपणी माझा लाफ्टर खातोस?”

दौलत परब नुसता हसला. “सवय लागली गो,” म्हणाला.

लाफ्टर खाणं म्हणजे नाटकातली चोरी. दुसऱ्याच्या वाक्यावर हशा पिकला असताना आपण चाळे करायचे नाहीत, आणि आपल्या वाक्यावर पिकला तर तो ओसरेपर्यंत पुढचं बोलायचं नाही. घोडपदेवच्या चाळीतल्या बकुळाला हे कुणी शिकवलं नव्हतं. गिरणी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत ती मोलकरीण म्हणून उभी राहिली, पहिल्याच वाक्याला हशा आला, ती घाबरून गप्प झाली, तर त्या गप्प होण्यालाच दुसरा हशा आला. त्या भांडवलावर तिने आयुष्य काढलं. बरोबरीच्या नायिका मालिकांत गेल्या. ही मोलकरणीची शेजारीण झाली आणि शेजारणीची सासू. लग्न राहूनच गेलं. स्टेजवर नवरे भरपूर झाले, त्यातला दौलत तेवढा टिकला.

एक गोष्ट मात्र बाईंनी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. नाटक तोंडपाठ होतं, समोरच्याचे ओठ दिसत होते, त्यामुळे संवाद निभत होते. कानाचं मशीन घेतलं होतं, पण त्यातून हशा म्हणजे पापड तळल्यासारखा नुसता चर्र आवाज. संपला कधी, कळायचं नाही. मशीन घरी डब्यात पडलं. निर्मात्याच्या कानावर हे गेलं असतं तर भूमिका दुसरीकडे गेली असती, आणि भूमिका गेल्यावर बकुळाबाई म्हणून उरलं काय असतं? या भीतीने त्यांना घास गोड लागत नव्हता. पण लोक प्रयोगानंतर भेटून “टायमिंग काय आहे हो तुमचं!” म्हणत. अंगात भिनलंय, बाई स्वतःची समजूत घालत.

मग दौलतचा भाऊ वारला आणि तो कणकवलीला गेला. गिरगावातल्या रविवारी दुपारच्या प्रयोगाला त्याच्या जागी निलेश उभा राहिला. नट गुणी होता, संवाद चोख पाठ. टोपीला त्याने हातसुद्धा लावला नाही.

पहिल्या वाक्याला पुढच्या रांगेतली माणसं हसताना दिसली. बाई थांबल्या. किती थांबायचं? नजर आपोआप टोपीकडे गेली. टोपी जागची हलली नाही. बाई थांबूनच राहिल्या, निलेशला घाम फुटला. पुढच्या वाक्याला त्यांनी घाई केली तर ते हशात बुडालं. लोक एकमेकांना “काय म्हणाली?” विचारताना त्यांना दिसले. सगळा अंक तसाच गेला.

“बाई, बरं नाही का तुम्हाला?” मध्यंतरात निलेशने विचारलं.

“बीपी आहे,” त्या म्हणाल्या. तो गेल्यावर आरशासमोर बसून रडल्या. दौलतला सगळं ठाऊक होतं. हशा पिकला की तो टोपी काढायचा, ओसरला की घालायचा. आणि बाईंची नजर कधीपासून त्या टोपीच्या भरवशावर चालत होती, ते त्यांनाच कळलं नव्हतं. वर त्या बिचाऱ्याच्या उवा काढल्या. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

तेरावं उरकून दौलत परतला. दादरच्या प्रयोगाला मेकअपरूममध्ये तो शेजारी येऊन बसला, डोकं भादरलेलं. बाईंनी भावाची चौकशी केली. मग पावडर लावता लावता म्हणाल्या, “दादरची माणसं सावकाश हसतात. टोपी जरा उशिरा घाल.”

दौलतने खुर्ची वळवली, त्यांच्या समोर तोंड केलं आणि ओठ नीट हलवत म्हणाला, “आता केसच नाहीत गो. उवा कुठून आणू?”

बाई खूप दिवसांनी मनापासून हसल्या.

पहिल्या अंकात त्यांचं वाक्य पडलं. पुढची रांग हसून वाकली. दौलतने टोपी काढली, आणि तो तुळतुळीत गोटा बघून लोक दुप्पट हसले. बाईंचा अख्खा लाफ्टर त्याने खाल्ला. बाईंनी खाऊ दिला. मग त्याने सावकाश टोपी घातली आणि त्या पुढचं वाक्य बोलल्या.