नऊ दिवस मुकं झालेलं कानबाईचं गाणं

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुनी फाइल आहे. कपाटातली नव्हे, गाण्याची. मला वाळवी लागत नाही, मी गंजत नाही, म्हणून माझं मजेत चाललं असेल असं लोकांना वाटतं. वाटू दे! मी सात मिनिटांची आहे आणि माझ्यात सुभद्राबाईंचा आवाज आहे. एवढी श्रीमंती अख्ख्या सुरतेत किती फाइलींच्या नशिबी असेल, सांगा बरं!

माझा जन्म बमरोलीतला, एका चाळीच्या स्वयंपाकघरातला. सुभद्राबाई लग्न होऊन खानदेशातून इथे आल्या. नवऱ्याने मिलमध्ये जन्म काढला आणि यांनी गल्लीतल्या प्रत्येक कानबाईला गाणी म्हटली. श्रावणातल्या रविवारी आपल्याकडे, खानदेशी घरांत, कानबाई देवी बसते ना? नारळाला नथ घालतात, दागिने घालतात, घरोघरी नैवेद्याचे रोट होतात. तेव्हा पहिलं गाणं सुभद्राबाईंचं, मग बाकीच्यांची.

ही गाणी कुठे लिहिलेली नव्हती. त्यांची नात गायत्री कॉम्प्युटर शिकलेली. तिने एक दिवस ठरवलं, आजीचा आवाज भरून घ्यायचा. शेजारच्या कापडाच्या कारखान्यातले लूम जेवणाच्या सुट्टीला थांबले, तेवढ्यात तिने पंखा बंद केला, कुकर उतरवला आणि पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला.

"हाई यंत्र मना आवाज ली जाई का वं?" सुभद्राबाईंनी दटावूनच विचारलं.

"नाही गं आजी! तू गा ना पटकन, लूम चालू होतील."

"ये वं कानबाई माय, मना उंबरा वलांडी ये," असं सुभद्राबाई गायल्या, आणि मी झाले.

गायत्रीने कानबाईच्या गाण्यांची एक साइट काढली आणि मला तिथे ठेवलं. मैत्रिणीने तिला बजावलं होतं, "फाइल फार जड आहे गं, दाबून लहान कर." गायत्री म्हणाली, "आजीचा आवाज मी दाबणार नाही!" झालं. लाडाची लेक मी, मोठीच्या मोठी राहिले. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

सुरुवातीची वर्षं मात्र काय सुखाची गेली! उधन्यातून, चलथाणहून, पार धुळ्याकडून बायका मला ऐकायला येत. पांडेसऱ्यातल्या एका नव्या नवरीने माझ्यावरून गाणं पाठ केलं आणि सासूची शाबासकी मिळवली. मी फुगून टम्म झाले होते, खोटं कशाला बोलू?

मध्यंतरी गायत्रीचा तो फोन धुण्याच्या बादलीत पडला आणि गेला तो गेलाच. "जाऊ दे, गाणं साइटवर आहेच की," ती म्हणाली. म्हणजे जगात आता मी एकटीच उरले. तिच्याही हे लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही.

यंदा चैत्रात सुभद्राबाईंना लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. ज्या बाईच्या आवाजाने गल्ली जागी व्हायची, तिच्या तोंडून नुसतं "अं, अं" येऊ लागलं. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "बोलणं परतायचं ते पहिल्या काही महिन्यांतच जास्त परततं. रोज बोलायला लावा." पण सुभद्राबाई कसल्या ऐकतात! "आ म्हणा, ई म्हणा" म्हटलं की भिंतीकडे तोंड. त्यांना लाज वाटायची हो.

मग एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी डाव्या अंगठ्याने गायत्रीच्या टॅबवरचं माझं चित्र दाबलं. मी गाऊ लागले. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलू लागले. आवाज नाही, नुसते ओठ. दारात आलेली गायत्री तिथेच थांबली आणि पदराआड रडली. त्या दिवसापासून रोज दुपारी चार-चारदा आमची शाळा भरायची. आखाड सरता सरता ओठांतून बारीकसा "ये" निघायला लागला होता. देवाशपथ सांगते, एवढा आनंद मला कुठल्याच कौतुकाने झाला नव्हता.

आणि श्रावण लागला तसं एका दुपारी त्यांनी माझं चित्र दाबलं, तर मी गायलेच नाही. पडद्यावर नुसती एक ओळ आली: या साइटची मर्यादा संपली आहे. त्यांना ती वाचता थोडीच येते! त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग टॅब बाजूला सारला आणि डाव्या हाताने आपला गळा चाचपला. त्यांना वाटलं, आवाज दुसऱ्यांदा गेला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना महिन्याचा कोटा असतो. चाळीच्या टाकीत जसं ठरलेलंच पाणी येतं, तसं साइटवरून महिन्याला ठरलेलाच माल बाहेर जाऊ शकतो. तो संपला की साइटला जागा देणारी कंपनी दार लावते. एवढ्या वर्षांत आमचा निम्मा कोटाही कधी संपला नव्हता. गायत्रीने कंपनीला लिहिलं, "निदान माझी फाइल तरी काढू द्या." उत्तर आलं, एक तारखेपर्यंत थांबा. सुभद्राबाईंनी तर तोंड उघडणंच सोडलं. घास भरवतानासुद्धा ओठ मिटलेले.

पाचव्या दिवशी कंपनीने यादी पाठवली. मला कुणी किती वेळा मागवलं, त्याची. जवळजवळ सगळी मागणी एकाच ठिकाणची होती: रिंगरोडच्या मार्केटातले साड्यांचे व्यापारी हेमराज. त्यांच्या साइटवर कानबाईसाठीच्या साड्यांची दोनशे पानं होती. कुठलंही पान उघडलं की मी आपोआप गायला लागायची. गिऱ्हाईक तिथे बसून पदर बघणार, आणि मी, न दाबलेली, एवढी जड, दर वेळी सातच्या सात मिनिटं आमच्या दारातून धावत जाणार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच!

गायत्री भडकली. "दार उघडू दे एकदा. आजीचं गाणं काढून त्या जागी माझ्या शिव्याच ठेवते. ऐकू देत त्याच्या गिऱ्हाइकांना!" तिने हेमराजना फोन करूनही तेच सुनावलं. तासाभरात हेमराज पेढ्याचा पुडा घेऊन दारात हजर. पन्नाशीचा माणूस, कपाळाला घाम.

"बेन, आईशपथ, मी चोरी नाही केली," ते म्हणाले. "माझा मुलगा म्हणत होता, पप्पा, गाणं आपल्याकडे उतरवून घ्या. मी म्हटलं, नाही. उतरवलं तर ती चोरी. ज्या माउलीचं गाणं आहे तिच्याच घरून ऐकवायचं, खाली तिचं नाव लिहायचं. मला काय ठाऊक, त्याने तुमचं दार बंद पडेल!"

"म्हणजे तुमच्याकडे गाणं नाहीच?" गायत्रीचा आवाज चिरकला.

"नाही ना. एकदाही उतरवलं नाही."

"अहो काका, चोरी केली असती तर आज उपयोग तरी झाला असता!"

हेमराज आत डोकावले. खाटेवर सुभद्राबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. गायत्रीने सगळं सांगितलं. हेमराजनी पेढ्याचा पुडा खाली ठेवला. "माय वं, काय करी बसनू मी हाई," एवढंच त्यांच्या तोंडून आमच्याच बोलीत निघालं.

मग मात्र त्यांनी कंबर कसली. दोनशे पानांवरून मला काढलं. कंपनीला स्वतःच्या सहीने पत्र लिहिलं, की चूक माझी, या मुलीची नाही. दिवसातून तीनदा फोन केले. कंपनीतल्या कुणाला तरी पाझर फुटला आणि नवव्या दिवशी, कानबाई बसायच्या आदल्या सकाळी, दार उघडलं.

गायत्रीने पहिलं काम काय केलं? मला तीन ठिकाणी उतरवून ठेवलं. मग साइटला कुलूप घातलं: घरात येऊन ऐका, पण परस्पर बाहेरून ओढता येणार नाही. शिव्यांचं तिने नावसुद्धा काढलं नाही. हेमराजना माझी एक प्रत दिली आणि म्हणाली, "ही तुमच्या घरी ठेवा काका. आता खुशाल वाजवा."

पण सुभद्राबाई टॅबला हातच लावेनात. गायत्रीने त्यांचा डावा अंगठा धरला आणि माझ्या चित्रावर टेकवला. मी गायला सुरुवात केली. त्यांनी मान वळवली. गळ्याला हात लावून बराच वेळ नुसतं ऐकलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि ओठ हलले.

मित्रांनो, कुणाचं काही आवडलं तर जरूर न्या, पण विचारून न्या, आणि नेलेलं आपल्या घरी ठेवा. आदर करायचा म्हणून दुसऱ्याची टाकी रिकामी करू नका. आणि घरात कुणाचा आवाज असेल ना, तर तो आजच भरून घ्या, एकापेक्षा जास्त ठिकाणी ठेवा. माझ्यासारखी एकटी कुणालाच ठेवू नका.

आता माझ्या शेजारी एक धाकटी फाइल आली आहे. अकरा सेकंदांची. कानबाईच्या रविवारी सायंकाळी गायत्रीने ती भरली. तिच्यात दोनच शब्द आहेत, तेही अडखळत: "ये... माय." ती साइटवर नाही, कुणाला दिलेलीही नाही. आता सुभद्राबाई दुपारी मला लावत नाहीत, तिलाच लावतात. मला जराही राग येत नाही हो.