उजवी नस

१९९८ साली यांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, तेव्हा यांच्या दोन नसा मला बाहेर बाकावर धरायला दिल्या होत्या. थिएटरच्या दाराखालून त्या येत होत्या, रेशमाएवढ्या बारीक, कोमट. एकेका मुठीत एकेक धरून मी बसले होते.

शेजारी वन्सं होत्या. यांची थोरली बहीण. आईमागे त्यांनीच यांना वाढवलं.

"कसल्या गं नसा, प्रमिला?"

"यांच्याच."

व्हरांडा लांबत चालला होता. दार दूर गेलं तशा नसा ताणल्या. तेवढं अंतर चालत डॉक्टर हुद्दार आले.

"गाठ डाव्या बाजूला आहे. ती नस जाणारच. उजवी हलक्या हातानं सोलून वाचवता येईल. वाचवायची का, सांगा."

"यांना विचारायचं ना."

"विचारलं होतं. म्हणाले, हिला विचारा."

"पण त्या नसेचं काम काय?" वन्संनी विचारलं.

"नवरा-बायकोतलं."

वन्सं हसल्या. "अहो, आमचा बाळू अठ्ठावन्न वर्षांचा. सून आली घरात. टाका काढून एकदाचं."

डॉक्टर माझ्याकडेच बघत राहिले. उजव्या मुठीत नस दोनदा हलकेच ओढली गेली. लग्नकार्यात, माणसांच्या घोळक्यात हे माझी बाही अशीच ओढायचे. चल, घरी जाऊ.

मला 'वाचवा' म्हणायचं होतं. पण वन्संसमोर लाजून मी पदर तोंडाशी नेला, आणि तो आत जाऊ लागला. पदरामागून अंगावरची साडी, शेवटी निऱ्या. सगळी गिळून झाली तरी डॉक्टर उभे होते. मला बोलता येईना.

"बरं," ते म्हणाले आणि परत चालत गेले.

वन्संनी माझ्यावर दवाखान्याची चादर टाकली. "इंदुरी होती गं. चांगली होती."

मग दोन्ही नसा तुटून हातात आल्या. डावी तपासायला मागून नेली. उजवी कुणी मागितली नाही.

गाठ पुन्हा आली नाही. हे पुढं एकोणीस वर्षं जगले, रोज फिरायला जायचे. पलंग मात्र दरवर्षी रुंद होत गेला. आधी पलीकडच्या कडेला यांची पाठ दिसायची, मग तीही दिसेना. एकदा तिकडून म्हणाले, "तू सांगितलंस तेच बरोबर होतं." डॉक्टर हुद्दार मुलीकडे राहायला गेले, तिथंच वारले. वन्सं शेवटी माझ्याजवळच होत्या. जाण्याआधी पलंगाकडे बघून म्हणाल्या, "एवढा मोठा कशाला केलात गं?"

काल दुपारी उजव्या मुठीत दोनदा ओढ लागली. तेव्हापासून तोंडात बोटं घालून मी साडी बाहेर काढते आहे. निऱ्या आल्या, मधलं सगळं आलं. पदर अजून आत आहे.