कालचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना उंचीमापक आहे. छोट्या विमानात वैमानिकाच्या डोळ्यांसमोर बसून 'आपण किती उंचावर आहोत' ते सांगणारा. दिसायला घड्याळासारखा, पण मला वेळ विचारून उपयोग नाही.

माझ्या पोटात पातळ पत्र्याची बंद डबी आहे. वर हवा विरळ झाली की ती फुगते आणि माझा काटा चढतो. एवढंच माझं शहाणपण. हवेचा दाब रोज बदलतो, ते मला आपणहून उमगत नाही. उड्डाणाआधी कुणीतरी त्या दिवसाच्या दाबाचा आकडा सांगायचा आणि माझं गोल बटण फिरवून तो लावायचा.

तो आकडा ताई सांगायची. धावपट्टीच्या कडेला एका खोलीत ती रेडिओ सांभाळायची. वैमानिक तिचा धाकटा भाऊ. डोंगरापलीकडच्या गावाला तो टपाल न्यायचा. अकरा वर्षं तो बाहीने माझी काच पुसायचा आणि म्हणायचा, "या जगात थापा न मारणारा हा एकटाच." मी आतल्या आत फुगून जायचो.

त्या सकाळी आभाळ डोंगरावर टेकलं होतं.

"आज नको जाऊस रे," रेडिओवर ताई म्हणाली.

"खिंड दिसतेय, ताई. तासाभरात जाऊन येतो. आकडा सांग."

"नाही सांगत."

"मी काय लहान आहे?"

"मोठा असतास तर गपगुमान घरी बसला असतास!"

आणि तिने रेडिओ बंद केला. तिला वाटलं, आकड्याशिवाय हा जायचा नाही. आजवर कधी गेला नव्हता. त्याला वाटलं, ताईचा रुसवा, संध्याकाळपर्यंत ओसरेल. "कालचा आहे की," तो पुटपुटला. माझ्या बटणाला त्याने हातही लावला नाही.

पण रात्रीतून दाब खूप उतरला होता; उंच न जाताच माझी डबी फुगली होती.

खिंडीच्या तोंडाशी ढगाने आम्हाला गिळलं. काचेबाहेर नुसतं पांढरं. दोन्ही बाजूंना कडे, मागे वळायला जागा नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छातीठोकपणे सांगितलं, खिंडीच्या माथ्यापेक्षा तीनशे फूट वर. खरं तर आम्ही शंभर फूट खाली होतो. त्याचा माझ्यावर विश्वास होता, मित्रांनो. त्याने विमान तसूभरही वर घेतलं नाही.

माणसं तिसऱ्या दिवशी तिथवर पोहोचली. टपालाची पोती शाबूत होती. त्यातलं कुठलंही पत्र आठवडाभर उशिरा पोचलं असतं, तरी कुणाचं काही अडलं नसतं.

आता मी ताईच्या टेबलावर असतो. काच तडकलेली, काटा अडकलेला. "हे कशाला डोळ्यांसमोर ठेवता?" कुणी विचारलं, तर ती बाहीने माझी काच पुसते. नव्या वैमानिकाला मात्र ती आधी आकडा देते, मग मनसोक्त झापते.

मित्रांनो, डोंगरावर ढग उतरले की थांबा. आणि कुणी हट्टाने निघालंच, तर त्याच्याशी जरूर भांडा, पण वाटेची खबर अडवून धरू नका. मला ती खबर मिळाली असती, तर मी त्याला म्हटलं असतं, अजून वर चढ, बाळा, अजून वर.