कापूरची बैठक

सुनीतीला गप्प बसता येत नाही, हे वारज्याच्या त्या सोसायटीत वॉचमनकाकांपासून गच्चीवरच्या पारव्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. नववीत वक्तृत्वाचा करंडक मिळाल्यापासून तर विचारूच नका! म्हणूनच वरच्या मजल्यावरची दीपमालाताई जिन्यात थांबून म्हणाली, "कंपनी मला सहा आठवडे अमेरिकेला पाठवतेय गं, कापूरला कोण सांभाळेल?" तेव्हा सुनीती "मी!" म्हणून मोकळी झाली. घरी विचारणं वगैरे नंतर.

कापूर म्हणजे दीपमालाताईचा शित्झू जातीचा कुत्रा. पांढराशुभ्र, डोळ्यांवर केसांची झालर. चालताना त्याचे पाय दिसायचेच नाहीत. वाऱ्याने ढगाचा तुकडा फरशीवरून ढकलत न्यावा, तसा तो यायचा.

"टॉय ब्रीड म्हणतात, पण खेळणं नाही हं ते," ताईने बजावलं. "गुरुवारी आणून सोडते, रविवारी दुपारी येऊन बघते. रमला तर तुझ्याकडे, नाही तर कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये. मागच्या वेळी तिथे त्याने अन्न सोडलं होतं. सलाईन लावायला लागलं."

सुनीतीने तिथल्या तिथे ठरवलं. छे, बोर्डिंगबिर्डिंग काही नाही. तो इथेच राहणार.

गुरुवारी कापूर आला. बाबांना, म्हणजे बद्रीनाथना, अकोल्याहून इथल्या कारखान्यात नोकरीला येऊन बारा वर्षं झाली होती, तरी बोलणं तिकडचंच होतं. ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "हे कुत्रं होय? मले तर कापसाचं बोंड वाटून राह्यलं!"

कापूरने घरभर एक फेरी मारली आणि तो चपलांच्या स्टँडखाली दाराकडे तोंड करून बसला. झालं.

सुनीतीने काय काय नाही केलं! चेंडू फेकला. टाळ्या वाजवल्या. सायबर कॅफेतून छापून आणलेली शित्झूंबद्दलची सगळी पानं त्याच्यासमोर बसून मोठ्याने वाचली, म्हणजे त्याचे पूर्वज चीनच्या राजवाड्यात होते हे त्यालाही कळावं. खाण्याची वाटी दर दहा मिनिटांनी त्याच्या नाकाखाली सरकवली. कापूरने झालरीआडून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"त्याला जरा श्वास घेऊ देशील का?" आई म्हणाली. "पाहुण्याला आल्या आल्या कुणी भाषण ऐकवतं?"

शुक्रवार संपला. वाटी तशीच.

शनिवारी दुपारी बाबा लवकर आले. घरात डायनिंग टेबल होतं, पण त्यावर इस्त्रीचे कपडे जेवायचे; माणसं खाली, मांडी घालून. ताटं वाढली, आमटीचा वास दरवळला, आणि चपलांच्या स्टँडखालून ढगाचा तुकडा निघाला. आईला वळसा घातला, सुनीतीला वळसा घातला, आणि सरळ बाबांच्या मांडीत चढून त्याने गोल वेटोळं केलं.

बाबांचा घास हवेतच थांबला. "अवं, हे काय करून राह्यलं? नंदा, उचल न याले!"

"तुम्हीच उचला," आई म्हणाली.

बाबांनी उचललं नाही. पाच मिनिटांनी आमटी न लागलेल्या भाताची चार शितं तळहातावर घेतली. कापूरने ती खाल्ली. मग आणखी. ताईच्या घरात सगळा कारभार खुर्च्यांवर, मांडी एकच, आणि तीही दिवसभर लॅपटॉपने अडवलेली. इथे एका ओळीत तीन!

दोन दिवस सुनीती राबली आणि तो गेला बाबांकडे? शिवाय सोमवारी बाबा कारखान्यात, आई शिवणाच्या क्लासला. शाळेला सुट्टी फक्त तिला. दिवसभर तो कुणाच्या आधाराने राहणार?

"बाबा, तुम्ही असं केलंत तरी काय?"

"काही नाही. बसलो."

"बसलो म्हणजे?"

"बसलो म्हंजे बसलो, माय. तू बसून पाह्य एकदा."

रविवारी दुपारी सगळी सोसायटी डुलकीत बुडाली होती. पंख्याचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. दार उघडं, फक्त जाळीचं दार लावलेलं. त्यातून उन्हाची नक्षी फरशीवर पडली होती. आईबाबा आतल्या खोलीत झोपलेले. सुनीती त्या नक्षीत मांडी घालून बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीच केलं नाही. बोलली नाही. बोलावलं नाही. नाक खाजलं, खाजू दिलं.

नक्षी हळूहळू सरकत तिच्या गुडघ्यावर आली. टेकडीवरून शेवरीच्या कापसाच्या म्हाताऱ्या तरंगत आल्या. एक आत शिरली, एक केसांत अडकली, आणि आपण बसलोय की पाण्यावर तरंगतोय हेच तिला कळेना. डोळे मिटत आले. मग मांडीवर काहीतरी आलं. इतकं हलकं, की आधी तिला तीही म्हातारीच वाटली. मग ते ऊबदार झालं. मग घोरायला लागलं.

चार वाजता जिन्यात पावलं वाजली. जाळीपाशी दीपमालाताई थांबली. एरवी सुनीती ओरडत धावली असती, "ताई, बघ, बघ!" आता तिचा पाय कमरेपर्यंत बधिर झाला होता, मुंग्या नुसत्या नाचत होत्या. तिने फक्त ताईकडे पाहिलं.

ताईने कितीतरी वेळ जाळीला कपाळ टेकवून ठेवलं. मग कापूरचं खाणं, कंगवा, डॉक्टरांची चिठ्ठी असं सगळं असलेली खांद्यावरची पिशवी कडीला अडकवली, डोळे पुसले आणि चपला हातात घेऊन ती जिना चढून गेली.