पाच झुडपांची सावली

फाटक उघडलं आणि तिच्या हातातली पिशवी खालीच पडली. चार दिवस बहिणीकडे काय गेली, तर अंगणातलं मोठं झाड बुंध्यापासून कापलेलं. त्याच्या सावलीत पंधरा वर्षं लाडाकोडात वाढलेली तिची हायड्रेंजियाची पाच झुडपं भर उन्हात माना टाकून उभी होती. पानांच्या कडा भाजलेल्या, फुलं चहाच्या चोथ्यासारखी. क्षणभर तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो.

झाड तोडवलं होतं तिच्याच नवऱ्याने. तो घड्याळजी, खिडकीशी बसून जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेला; बायकोला विचारल्याशिवाय भिंतीतला खिळाही न हलवणारा माणूस! विचारलं तर म्हणाला, खोलीत अंधार होत होता. बस, एवढंच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडत बसली असती तर झुडपं हातची गेली असती. तिने काठ्या रोवून जुन्या चादरी ताणल्या, मुळांशी वाळल्या पाल्याचा जाड थर घातला, रोज सकाळी ऊन चढायच्या आत बुंध्याशी सावकाश पाणी सोडलं. करपलेली पानं मात्र कापली नाहीत, कारण तीच आतल्या कोवळ्या पानांवर सावली धरतात. नवऱ्याशी तीन दिवस अबोला.

चौथ्या दिवशी दोन झुडपांनी जरा मान वर केली. तरी दुपारचं तिरपं ऊन चादरीखालून आत घुसतच होतं. आणखी एक चादर आडवी बांधायची, तर दोरीचं टोक त्याच्याच खिडकीच्या गजाला अडकवावं लागणार होतं. आता याचा उजेड गेला तर जाऊ दे, असं मनाशी म्हणत ती तरातरा आत गेली.

टेबलावर इतकं ऊन होतं की तिचे डोळे दिपले. समोर घड्याळ उघडं पडलेलं. तो बोटांच्या टोकांनी टेबल चाचपत बारीकसा स्क्रू शोधत होता, आणि स्क्रू त्याच्या मनगटाशेजारीच चमकत होता.

पावलांचा आवाज ऐकून तो म्हणाला, “अगं, जरा दिवा लाव ना.”

दिवा लागलेलाच होता. तिने हातातली दोरी खाली ठेवली.

“अहो,” ती कशीबशी म्हणाली, “कधीपासून?”

त्याने चाचपणारा हात थांबवला.

“मला वाटलं, झाडामुळेच होतंय.”